मास्तरांची पँट आणि बाईंचा फुगा

फोटोमास्तरांच्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक भलामोठा फोटो दिसायचा. शाळेतल्या शिक्षकांचा ग्रुप फोटो. आता शिक्षकांचा ग्रुप फोटो म्हणजे काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. ताठ माना, मांडीवर हात, आणि चेहरे असे की कुणीतरी गेल्याची बातमी आत्ताच आली आहे. पण या फोटोतले सगळेच्या सगळे सव्वीस जण खदखदा हसत होते. गणिताच्या सरांनी शेजाऱ्याचा दंड घट्ट पकडला होता, मुख्याध्यापकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि मागच्या रांगेतले चित्रकलेचे सर हसता हसता अर्धे फोटोच्या बाहेर गेले होते.

पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "हे एवढे का हसतायत हो?"

झालं! मास्तर याच प्रश्नाची वाट बघत असायचे.

"सांगतो ना. तुम्ही बसा आधी, मान सरळ. तर बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हा फोटो काढायला गेलो, अंगात नवी कोरी पँट. बायकोने स्वतः शिवलेली! सगळ्यांना नीट बसवलं, आणि लेन्सचं झाकण पडलं खाली. ते उचलायला वाकलो, पाठ नेमकी शिक्षकांकडे, आणि टर्रर्र! कमरेपासून पार खालपर्यंत! तसाच वळलो आणि बटण दाबलं. बायकोच्या हातची शिलाई बरं का, बोलायचं काम नाही!"

गिऱ्हाईक हसायचं. आखडलेले खांदे सैल पडायचे. हसू ओसरून चेहरा पुन्हा जागेवर यायचा, आणि बरोबर त्याच क्षणी मास्तर बटण दाबायचे. हीच त्यांची कामाची पद्धत. गावात पासपोर्ट फोटोत माणसासारखा माणूस दिसायचा तो फक्त मास्तरांच्याच दुकानात. दुसरा नियम असा, की डोळे मिटलेला फोटो दुकानाबाहेर जाणार नाही. "मिटले, परत काढू," म्हणून ते दहादा काढायचे, पण मिटलेल्या डोळ्यांचा फोटो कुणाच्या हातात पडला असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

आणि दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात, पडद्यामागे, मास्तरांच्या बायकोचं शिलाई मशीन. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. बाह्या आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर, हे त्यांचं रोजचं काम. किस्सा सुरू झाला की मशीन जरा जास्त जोरात चालायचं. मास्तरांच्या ते कधी लक्षात आलं नाही. स्वतःच्याच किस्स्यावर हसणाऱ्या माणसाला दुसरं ऐकू येतं कुठे?

तर हे असं बावीस वर्षं चाललं होतं आणि पुढेही चाललं असतं, पण मध्ये आला फुगा.

गावाबाहेरच्या मैदानावर एका बाईमाणसाने हॉट एअर बलून आणून ठेवला होता. फुग्याची मालकीणही तीच आणि पायलटही तीच, म्हणून सगळे तिला कॅप्टन म्हणायचे. वय असेल बत्तीस-तेहतीस, आवाज मात्र फौजदाराचा. गेल्या वादळात तिच्या गोदामाचं छप्पर उडालं आणि पत्र्याने फुगा अकरा ठिकाणी फाडला. फुगे बनवणाऱ्या कारखान्याने सांगितलं, आमच्याकडे सहा महिने रांग आहे, तुमच्याकडे शिवणारं चांगलं माणूस असेल तर पाठवा, शिकवून देतो. कॅप्टनने गावभर चौकशी केली आणि पडद्यामागच्या मशीनपाशी येऊन थांबली.

बाई दोन महिने कारखान्यात राहून शिकून आल्या. दोन सुयांचं मशीन, दुमडीत दुमड घालून मारायची दुहेरी टीप, बर्नरजवळचं कापड वेगळं, वरचं वेगळं. पन्नाशीच्या बाई, पण परत आल्या तेव्हा चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा! अकराच्या अकरा जागी त्यांनी नव्या पट्ट्या जोडल्या. तपासनीस आला, त्याने एकेक शिवण ताण मोजायच्या काट्याला लावून ओढून बघितली, मान डोलावली आणि सही करून गेला. कॅप्टन म्हणाली, "बाई, रविवारी पहिलं उड्डाण. ते नीट झालं की हा फुगा कायम तुमच्याच हातात. आणि आजूबाजूचे आणखी चार फुगेवाले माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचंही काम तुमच्याकडेच येईल." बाईंनी त्याच दिवशी चेनच्या डब्या आवरून कोपऱ्यात नव्या मशीनला जागा केली.

त्याच आठवड्यात गुरुवारी मास्तर दाढी करायला सलूनमध्ये बसले होते. सलूनवाला त्यांचा जुना मित्र, तोंड वस्तऱ्यापेक्षा धारदार.

"काय रे, रविवारी येतोयस ना फुग्यात?" मास्तरांनी फेसातून विचारलं. "तुझं नाव होतं म्हणे यादीत."

"होतं. काढलं."

"का रे?"

"आता हे तुम्ही मला विचारताय?" सलूनवाल्याने वस्तरा हवेत धरला आणि बाकावरच्या मंडळींकडे बघून डोळा मारला. "मास्तर, पँट उसवली तर माणूस शर्ट बाहेर काढून वेळ मारून नेतो. वर गेल्यावर फुगा उसवला तर काय बाहेर काढणार?"

सलून दणाणून गेलं. बाकावरचा एक तर खोकायलाच लागला. मास्तरही हसले. बावीस वर्षांची सवय, पँट म्हटलं की हसू आपोआप यायचं. आणि मग अर्ध्यातच ते हसू थांबलं.

"कुणाकुणाची नावं कमी झाली?" त्यांनी विचारलं.

"चौदा होती. तेरा गेली."

"आणि चौदावा?"

"तो परगावी गेलाय. त्याला अजून कळलं नाही."

मास्तर एक गाल गुळगुळीत आणि एक गाल तसाच ठेवून उठले आणि घरी आले. सलूनवाला "अहो, दुसरी बाजू!" म्हणून ओरडत राहिला.

दुकानात मशीन बंद होतं. बाई बॉबिनमधली धूळ ब्रशने काढत बसल्या होत्या. जी धूळ नव्हतीच, तीही काढत होत्या.

"कॅप्टन येऊन गेली," त्या म्हणाल्या. "बिचारीला सांगताना जड गेलं. म्हणाली, रविवारी टोपली रिकामी राहिली तर फुगा परत कारखान्यात पाठवावा लागेल. त्यांच्या माणसाने शिवला असं कळलं की लोक येतील."

"पण तपासनीसाने सही केलीय ना!"

"तपासनीस एकदा आला हो. तुमचा किस्सा रोज आहे."

 मास्तरांच्या एका गालावर साबण वाळून ताणत होता, पण तो पुसायचंही त्यांना सुचेना.

"त्या दिवशी सकाळी मी काय म्हणाले होते, आठवतंय तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

आठवत होतं. चांगलं आठवत होतं. बाई म्हणाल्या होत्या, मागची शिवण अजून कच्च्या टाक्यावर आहे, टीप मारायची राहिलीय, आज जुनी पँट घाला. आणि त्या शेजारी गेल्या तेवढ्यात मास्तरांनी नवी पँट हँगरवरून ओढून चढवली होती. सव्वीस शिक्षकांसमोर नवी पँट मिरवायची हौस, दुसरं काय!

"मग ते कधी सांगत का नाही?"

"अगं, ते सांगितलं तर किस्स्यातली मजा जाते."

हे वाक्य बाहेर पडलं आणि मास्तरांना ते स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं. ऐकून बरं वाटलं नाही.

"मलाही यायचं हो हसू," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. "पहिली दोन-चार वर्षं खूप हसले मी. मग बंद झालं. तुमच्या लक्षात नाही आलं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोत गिऱ्हाइकाची एक भुवई इकडची तिकडे झाली तर ओळखणारा हा माणूस, आणि घरातल्या माणसाचं हसू कधी गेलं ते त्याला पत्ता नाही.  मग तसेच, एका गालाची दाढी घेऊन, मैदानावर कॅप्टनकडे गेले.

"मी येतो रविवारी," ते म्हणाले.

कॅप्टनने गॅसची टाकी खाली ठेवली. "मास्तरकाका, तुम्ही? गेल्या वर्षी गच्चीवरून फोटो काढायचा होता तेव्हा तुम्ही जिन्यात बसलात आणि कॅमेरा काठीला बांधून वर धरलात. मी स्वतः बघितलंय."

खरं होतं. मास्तर स्टुलाच्या दुसऱ्या पायरीपलीकडे जात नसत. घरातला बल्बसुद्धा बाई बदलायच्या आणि मास्तर खालून स्टूल धरायचे.

"तिकिटाच्या खिडकीवर लावायला तुला आपल्या गावाचे फोटो हवे होते ना वरून काढलेले?"

"हवेत की. पण त्यासाठी ड्रोनवाला—"

"ड्रोनला भीती वाटते का? नाही ना? मग त्याच्या फोटोला काय किंमत! मी काढतो. माणूस वर गेला, बघितलं आणि परत आला, असे फोटो काढतो."

कॅप्टन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी तो दुसरा गाल करून या."

घरी येऊन मास्तरांनी दुसरी गोष्ट केली. ती पहिलीपेक्षा अवघड होती. ते पडद्याआड गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मला एक पँट शिवून देशील? रविवारच्या आत."

बाईंनी मान वर केली. बावीस वर्षांत मास्तरांनी रेडीमेडशिवाय पँट घातली नव्हती. किस्स्यासाठी तेही सोयीचं होतं, शेवटी "तेव्हापासून कानाला खडा!" असं म्हणता यायचं.

"कशाला?"

"वर जातोय. फुग्यातून. फोटो काढायला."

 बाईंनी गळ्यातली पिवळी टेप काढली आणि त्यांच्या कमरेभोवती घातली. "श्वास सोडा. पोट आत ओढू नका, खोटं माप निघतं."

"वाकावं लागेल मला," मास्तर म्हणाले.

"वाका. हवं तेवढं वाका."

रविवारी सकाळी उजाडायच्या सुमारास अख्खं गाव मैदानावर. फुग्यात बसायला एकही नाही, पण बघायला सगळे! सलूनवाला सगळ्यांत पुढे, घरून खुर्ची घेऊन आलेला. आधी पंख्याने फुग्यात हवा भरली, मग बर्नरची ज्योत भडकली आणि ते लालपिवळं धूड हळूहळू अंग उचलत उभं राहिलं. दुरुस्त केलेल्या अकरा पट्ट्या जरा जास्त लाल होत्या, नव्या होत्या म्हणून. लोक बोट दाखवून दाखवून मोजत होते.

मास्तर टोपलीच्या पायरीवर चढले. नवी राखाडी पँट, गळ्यात कॅमेरा. त्यांनी गर्दीकडे तोंड केलं.

"मंडळी, माझ्या पँटचा किस्सा तुम्हाला माहीत आहे."

आत्तापासूनच हशा.

"तुम्हाला अर्धा माहीत आहे. अर्धा मी पोटात ठेवला, बावीस वर्षं. त्या दिवशी पँटला फक्त कच्चा टाका होता. बायकोने मला बजावून सांगितलं होतं, टीप मारायचीय, आज घालू नका. ती शेजारी गेली, आणि मी चोरून घातली. चोरून! आपल्याच घरात, आपलीच पँट! तिची शिलाई उसवली नाही. शिलाई झालीच नव्हती. उसवली माझी अक्कल. आज माझ्या अंगात तिने शिवलेली पँट आहे आणि डोक्यावर तिने शिवलेला फुगा. दोन्हीला पक्की टीप आहे. मी वर जातोय, आणि वर गेल्यावर वाकणार आहे. बघा नीट."

हशा झाला नाही. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी वाजवली. सलूनवाला खुर्चीत चुळबुळला. बाई गर्दीच्या एका बाजूला उभ्या होत्या, गळ्यात पिवळी टेप तशीच. निघताना मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "जा. टीप पक्की आहे."

आणि टोपली जमिनीवरून सुटली.

शूरपणा जमिनीवर होता तोवर होता. पायाखालची धरती गेली आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डोळे गच्च मिटले. पण फोटो काढायला आलोय हे कुठेतरी डोक्यात होतं, म्हणून त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच कॅमेरा दोन्ही हातांनी टोपलीच्या काठाबाहेर धरला आणि बटणावर बोट दाबून ठेवलं. खटखटखटखट! बोट भीतीने आखडलं होतं ते सुटेना. साठ-सत्तर फोटो निघून गेले, कशाचे ते देवाला ठाऊक. मग ते सरळ टोपलीच्या तळाशी, गॅसच्या टाक्यांच्या मध्ये, बसले.

"मास्तरकाका, जिवंत आहात ना?" कॅप्टनने बर्नर बंद करून विचारलं.

"कुठवर आलो?"

"झाडांच्या वर."

"सांगू नकोस!"

"तुम्हीच विचारलंत!"

खाली बघायची सोय नव्हती. बाजूला बघायचीही नव्हती, कारण वेताच्या विणीतून आभाळ दिसत होतं. राहिलं काय, तर वर. मास्तरांनी एक डोळा उघडून वर बघितलं.

बर्नर पुन्हा पेटला आणि आतून सगळा फुगा उजळला. मास्तरांनी आयुष्यभर दिव्यांच्या उजेडात माणसं बघितली होती, पण असा उजेड कुठल्या दुकानात असतो? आणि त्या उजेडात, एकेक करून, शिवणी दिसायला लागल्या. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्स लांबवली. टाक्याला टाका लागून सरळ रेघ, वरपर्यंत गेलेली. नव्या पट्टीच्या टोकाला टीप संपत होती आणि तिथे तीन छोट्या उलट्या टिपा मारलेल्या होत्या. दुसऱ्या पट्टीच्या टोकालाही तीन. तिसऱ्याच्या टोकालाही तीनच.

मास्तरांचा हात आपोआप शर्टाच्या कॉलरखाली गेला. बोटाला लागल्या. एक, दोन, तीन. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला, उशीच्या प्रत्येक खोळीला, कॅमेऱ्याच्या पिशवीच्या पट्ट्याला, बाईंनी हात लावलेल्या प्रत्येक वस्तूला शेवटी तीन उलट्या टिपा असायच्या. लग्न झाल्यापासून अंगावर वागवल्या होत्या, आणि कधी एखादी सुटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. एक तेवढी पँट सोडून. आणि ती का, ते आता गावाला माहीत होतं.

"अगं, काय शिवलंय हिने!" ते मोठ्याने म्हणाले.

"तेच तर मी महिनाभर सांगतेय," कॅप्टन म्हणाली.

अकराच्या अकरा शिवणींचे फोटो काढेपर्यंत मास्तर कधी उठून उभे राहिले ते त्यांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा काठ कमरेला लागला होता आणि कॅमेरा डोळ्याला होता. कॅमेरा डोळ्याला असला की मास्तरांना कशाची भीती वाटत नसे, चौकटीत मावतं त्याला काय घाबरायचं! त्यांनी कॅमेरा तसाच हळूहळू खाली वळवला.

आणि गाव दिसलं. वारा अजिबात लागत नव्हता, कारण फुगा वाऱ्याबरोबरच चालला होता. खालून कुत्र्याचं भुंकणं, एका स्कूटरची फुरफुर, कुणीतरी कुणाला तरी "अगं, ये की वर!" म्हणून मारलेली हाक, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी पासपोर्ट फोटोंच्या पानासारख्या ओळीने पसरल्या होत्या. शाळेचं पटांगण, नदीचं वळण, त्यांच्याच दुकानाचं छप्पर, त्यावर वर्षभर हरवलेली बादली. आणि सलूनच्या गच्चीवर आडवी पडलेली, निळ्या रंगाची—

"शिडी!" मास्तर किंचाळले.

"काय झालं?" कॅप्टन दचकली.

"माझी शिडी! चार वर्षं झाली नेऊन! शपथेवर सांगत होता, परत दिली म्हणून!" आणि चांगला नेम लागावा म्हणून मास्तर काठावरून वाकले. अर्धे बाहेर वाकले, डावीकडे वाकले, पुन्हा उजवीकडे वाकले. पँटने हूं की चूं केलं नाही. कॅप्टनला शेवटी त्यांचा पट्टा धरून ठेवावा लागला. शिडीचे सात फोटो काढले, मग शाळेचे, नदीचे, बाजाराचे. तासाभरात मास्तर असे काही फिरले त्या टोपलीत, की उतरायची वेळ झाली तेव्हा त्यांनीच विचारलं, "एवढ्यात?"

फुगा एका मोकळ्या रानात उतरला, दोन उड्या मारून थांबला आणि आडवा झाला. मागून धावत आलेल्या जीपमधून पहिल्यांदा बाई उतरल्या. मास्तर हात पसरून उभे, तर बाई त्यांना ओलांडून थेट फुग्याकडे! अकराही शिवणींवरून त्यांनी हात फिरवला. मग मागे वळल्या.

"वळा," त्या म्हणाल्या.

मास्तर वळले.

"वाका."

मास्तर वाकले. जीपच्या ड्रायव्हरसमोर, कॅप्टनसमोर, बांधावर जमलेल्या चार माणसांसमोर.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडावर ते हसू आलं. मास्तरांनी ते लगेच ओळखलं. फोटो काढायचं मात्र त्यांना सुचलं नाही.

दुपारपर्यंत तेराही नावं परत यादीत. सलूनवाल्याचं सगळ्यांत शेवटी. परगावी गेलेला चौदावाही परत आला होता, आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. शिडी संध्याकाळच्या आत दुकानाच्या दाराशी येऊन उभी राहिली, कोण ठेवून गेलं ते कुणी बघितलं नाही. आणि कॅप्टन येऊन बाईंना सांगून गेली, की पुढच्या आठवड्यात दुसरा एक फुगा शिवायला येतोय, जागा करून ठेवा.

संध्याकाळी मास्तर आणि बाई दुकानात कॉम्प्युटरसमोर फोटो निवडायला बसले. शिवणींचे फोटो बघून बाईंनी नुसतं "हं" म्हटलं आणि खुर्ची जवळ ओढली. गावाचे फोटो बाजूला काढले. मग राहिले सुरुवातीचे, डोळे मिटून काढलेले.

"हे पुसून टाकतो," मास्तर म्हणाले. "नुसता कचरा आहे." आणि खरंच कचरा होता. अर्धं आभाळ, टोपलीचा काठ, स्वतःचा अंगठा, पुन्हा अंगठा. आणि मग एक फोटो बरोबर आलेला. सगळं मैदान, सगळी गर्दी, वर केलेले शंभर-दीडशे चेहरे, उघडी तोंडं, हलणारे हात. मास्तरांनी सवयीने फोटो मोठा केला आणि एकेक चेहरा तपासायला लागले, कुणाचे डोळे मिटलेत का. नव्हते. सलूनवाल्याचे तर बटाट्याएवढे झाले होते.

मग गर्दीच्या बाजूला पिवळी टेप दिसली.

बाई एकट्या उभ्या होत्या. टेपची दोन टोकं दोन मुठींत घट्ट धरलेली. सगळं गाव वर बघत होतं आणि ज्यांनी फुगा शिवला त्या बाईंचे डोळे गच्च मिटलेले होते.

 दोघांचे डोळे एकाच वेळी मिटलेले होते, एक वर, एक खाली.

"मला तर म्हणालीस, टीप पक्की आहे," मास्तर हळूच म्हणाले.

"होतीच. टिपेवर माझा पूर्ण विश्वास होता."

"मग?"

"टीप एकटी थोडीच वर गेली होती?" बाई पदराने चष्मा पुसायला लागल्या. "तुम्ही वाकलात की काय होतं, ते मी एकदा बघितलंय." मग चष्मा लावून त्यांनी कॉम्प्युटरवरच्या फोटोकडे बोट केलं. "मिटलेत डोळे माझे. पुसा तो. डोळे मिटलेला फोटो दुकानाबाहेर जात नाही ना तुमचा?"

"बाहेर नाहीच जाणार," मास्तर म्हणाले. "भिंतीवर जाणार."

दुसऱ्या दिवशी निळ्या शिडीवर चढून, चक्क तिसऱ्या पायरीपर्यंत, मास्तरांनी शिक्षकांच्या फोटोशेजारी तो फोटो लावला, तेवढाच मोठा करून. बाईंनी खालून शिडी धरली.

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं, पासपोर्ट फोटोसाठी. खुर्चीत बसलं, मान ताठ केली, खांदे आखडले आणि भिंतीकडे बघून म्हणालं, "हे एवढे हसतायत का हो? आणि त्या बाईंनी डोळे का मिटलेत?"

मास्तर खुलले. "सांगतो ना! मान सरळ. तर बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट, अंगात नवी कोरी पँट—"

पडद्यामागचं मशीन थांबलं.

"पहिल्यापासून सांगा," आतून बाईंचा आवाज आला. "आणि पूर्ण सांगा."